मुठीतलं मीठ

पूनम ढेबेची आणि माझी पहिली भेट सुईच्या टोकावर झाली. चार दिवस माझा ताप हटत नव्हता, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं, आणि महाडच्या बाजारातल्या एका लॅबमध्ये मी बाही वर करून डोळे घट्ट मिटून बसलो होतो. समोरच्या मुलीने दंडाला रबर बांधलं आणि म्हणाली, "मूठ आवळा." एवढंच. पण ते तिने अशा काही आवाजात सांगितलं की माझी मूठ तर आवळली गेलीच, शिवाय बाहेर बाकावर बसलेल्या तिघांनीही आपापल्या मुठी आवळल्या. त्यातला एक तर नुसता रिपोर्ट न्यायला आला होता.

मी दीपक. गाव दासगाव, दुकान महाडला एसटी डेपोच्या मागे. लाऊडस्पीकर, माईक, मिक्सर भाड्याने देतो. म्हणजे वीस वर्षं मी माणसांचे आवाज मोठे करतोय, आणि या कामाने माझा स्वभाव पार बिघडवून टाकलाय. बांधावरून भावकीशी भांडताना दोन गावांना ऐकू जाणारा माणूस माईक हातात आला की पुटपुटायला लागतो, आणि वर मलाच म्हणतो, साऊंड बरोबर नाय. त्यामुळे असा दणदणीत आवाज फुकटात ऐकून मी दुखणं विसरलो. रिपोर्ट न्यायला गेलो तेव्हा तिला सरळ विचारलं, "गातेस का?"

"डोंगरात म्हशी वळताना वरडायची," ती म्हणाली. "त्याला गाणं म्हणत असतील तर गाते."

विचारण्याचं कारण होतं सार्थक. हा महाडच्या पेठेतला पोरगा. पुण्याला इंजिनिअरिंग करून परत आला, एमआयडीसीत नोकरीला लागला, आणि उरलेल्या वेळात गिटार घेऊन स्वतःची गाणी बांधायचा. आवाज गोड, सुरेल, पण इतका हळू की फोनवर बोलला तर त्याच्या आईला तो आजारी वाटायचा. गेलं वर्षभर तो माझ्या मागे लागला होता. "दादा, आपण तिघांचा बँड काढू. एक मुलाचा आवाज, एक मुलीचा, आणि मागे तुम्ही काठ्यांनी वाजवता ते पॅड. सगळी गाणी आपली स्वतःची. याला इंडी पॉप म्हणतात."

"इंडी-बिंडी काय ते तू बघ," मी म्हटलं. "मी गाणार नाही." माझ्या गळ्याबद्दल आमच्या घरात एकमत आहे.

अशा रीतीने आम्ही तिघं माझ्या गोदामात जमलो. पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. सार्थक माईकला ओठ टेकवून गायचा तरी मला बटण वर वर न्यावं लागायचं, आणि पूनमने नुसता श्वास घेतला तरी मिक्सरवरची सुई लाल रेघेपलीकडे जाऊन थरथरत बसायची. शेवटी मी खडूने जमिनीवर रेघ ओढली. सार्थक माईकपाशी, पूनम त्याच्या मागे दोन हात, रेघेच्या पलीकडे. बाहेरच्या माणसाला वाटायचं की पोरीला शिक्षा केलीय. पण तसे उभे राहून दोघं गायला लागले, त्याची एक ओळ आणि तिची एक ओळ, की ते आवाज असे बसायचे एकमेकांत की माझ्या काठ्या क्षणभर हवेतच राहायच्या. आनंदाने वेड लागतं म्हणतात ते मला तिथे कळलं.

आमच्या बँडचं नाव 'सव्वासहाची'. त्यामागे काही मोठा विचार नाही. पूनमची वाडी पोलादपूरच्या पुढे, आंबेखोल गावाच्या डोक्यावर, वरच्या माळावर. आंबेखोलला जाणारी शेवटची गाडी महाड डेपोतून सव्वासहाला सुटते. पूनम पायथ्याशी उतरायची, तिथे तिचे वडील रामजीबाबा बॅटरी घेऊन उभे असायचे, आणि मग दोघं चढण चढायची. त्यामुळे गाणं कितीही रंगात असो, सहा वाजून बारा मिनिटांनी पूनम पर्स उचलायची. आमची सगळी गाणी छोटी आहेत ती त्यामुळे. एका मुलाखतीत सार्थकने त्याला 'आटोपशीर रचना' म्हटलं, तेव्हा मी खोकून घेतलं.

आता त्या गाण्याकडे येतो. सार्थकने एक गाणं लिहिलं होतं. मुलगा शहरातल्या खोलीत, मुलगी गावी घरात. तो म्हणतो, "दिवस उतरला खिडकीवरून, अजून मी इथेच." ती म्हणते, "चूल पेटली, दार उघडं, ताट वाढलं तिथेच." ओळी चांगल्या होत्या, पण पुढे पुन्हा पुन्हा म्हणायचं धृपद सुचत नव्हतं. आठवडाभर आम्ही तिथेच अडकलो. एका संध्याकाळी पूनमने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सहा वाजले. आये आता हाक मारत असेल."

"कुणाला?" सार्थकने विचारलं.

"म्हशींना. दिवसभर रानात मोकळ्या असतात ना. हाक मारली की घराकडे येतात. आमच्या घरची हाक वेगळी हाय, शेजारच्यांची वेगळी."

"म्हणून दाखव ना."

तिने दाखवली. "हीऽऽ यो होऽऽ, ये गोऽऽ, ये गोऽऽ, ये!" गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली. डेपोतल्या एका कंडक्टरने मागच्या खिडकीतून डोकं आत घातलं. सार्थकचे डोळे असे चमकले की मला काळजीच वाटली.

"हेच!" तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो खरोखर ओरडला. "हेच धृपद!"

पूनम पोट धरून हसली. "अरे, ही म्हशींची हाय!"

"म्हशींना आवडते ना? मग माणसांना का नाही आवडणार?"

आम्ही तिघंही हसलो आणि हाक गाण्यात घातली. चूक म्हणायची तर इथे झाली. ती पूनमच्याही लक्षात आली नाही, कारण महाडच्या बाजारपेठेत त्या हाकेला ओ देणारं कुणीच नव्हतं.

संक्रांतीला आम्ही गाणं लोकांसाठी सोडलं. शिमग्यापर्यंत महाड आणि पोलादपूर तालुक्यांत ते ऐकलं नाही असा कान उरला नाही. हळदीला तेच, क्रिकेटच्या सामन्यात चौकार गेला की तेच, ग्रामसेवकाच्या फोनची रिंगटोन तीच. पाचाडच्या एका खानावळीत मी जेवत होतो तर वाढणारा माणूस भाकरी आणताना "ये गोऽऽ, ये गोऽऽ" करत आला. लॅबमध्ये लोक दंडात सुई असताना पूनमबरोबर फोटो काढायला लागले. तिने एकाला दम दिला, तर तो म्हणाला, "अजून एकदा दम द्या ना, व्हिडिओ काढतो." आम्ही तिघं जमिनीवरून चालत नव्हतो. मी चाळिशीला आलेला माणूस, घरी आरशासमोर पॅड वाजवल्याचे हातवारे करताना बायकोने मला दोनदा पकडलं.

म्हशींची पहिली बातमी आली तीही हसण्यासारखीच. वरच्या माळावर चांगूची जीप जाते. चांगू गाणं पूर्ण आवाजात लावून घाट चढत होता. वळणावर त्याने आरशात पाहिलं तर मागून अकरा म्हशी पळत येत होत्या. त्याला वाटलं, पिसाळल्या. त्याने जीप दामटली, तशा त्याही दामटल्या. शेवटी शाळेच्या पटांगणात जीप थांबवून तो टपावर चढून बसला आणि म्हशी जीपभोवती मान वर करून त्याच्याकडे बघत राहिल्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. सार्थकने तो आमच्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमचे खरे चाहते.' आम्ही तो व्हिडिओ एका बैठकीत नऊ वेळा पाहिला.

मग चैत्रात एका दिवशी पूनम सरावाला आली आणि रेघेपाशी उभी न राहता खुर्चीवर बसली.

"गाणं काढून टाका," ती म्हणाली.

"काय?" सार्थक म्हणाला.

"आयेच्या हाकेला म्हशी येत नाय आता."

सार्थक आधी हसला, मग तिचं तोंड बघून त्याने गिटार खाली ठेवली. मी मात्र चिडलो. आयुष्यात एकदा आपलं काहीतरी चाललं आणि त्यात म्हशी आडव्या येतात म्हणजे काय! तसं बोलूनही दाखवलं. पूनमने वाद घातला नाही. "रविवारी वर या," एवढंच म्हणाली. तिचा आवाज हळू आलेला मी पहिल्यांदा ऐकला, आणि मला तो मुळीच आवडला नाही.

रविवारी सार्थक आणि मी वरच्या माळावर गेलो. पूनमची आई विठाबाई म्हणजे पाच फुटांची, काटक बाई. आम्हाला वाटलं होतं, शिव्या खाव्या लागतील. तिने घट्ट दुधाचा चहा दिला, वर विचारलं, "साकर बरी हाय ना?" सहाच्या सुमाराला तिने डब्यातून मूठभर खडे मीठ घेतलं आणि अंगणापुढच्या कातळावर जाऊन उभी राहिली. आम्ही मागे.

तिने हाक मारली. तीच. पूनमपेक्षा थोडी घोगरी, पण तीच. समोरच्या उतारावर म्हशी चरताना स्पष्ट दिसत होत्या. एकीने मान वर केली, इकडे पाहिलं, आणि परत खाली घातली. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. विठाबाईने पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. अर्धा तास ती बाई त्या कातळावरून हाका मारत होती. शेवटी रामजीबाबा आणि पूनम काठ्या घेऊन ओढा उतरून पलीकडे गेले, एकेकीला हाकलून आणायला.

विठाबाईने मूठ उघडली. मीठ घामाने ओलं झालं होतं.

"माझ्या सासूने मला पैल्या दिवशी सांगितलं," ती म्हणाली. "हाक मारली की मीठ द्यायचं. रिकाम्या हाताने हाक मारायची नाय. जनावर हाकेवर नाय येत, इश्वासावर येतं. चाळीस वर्सं मी एक हाक खोटी केली नाय. आता तुमचं गाणं दिवसातून वीस वेळा हाक मारतं. जीपमधून, फोनमधून. बिचाऱ्या आधी पळत जायच्या. मीठ कोण देतं?"

मला तो नऊ वेळा पाहिलेला व्हिडिओ आठवला. जीपभोवती उभ्या राहून, मान वर करून त्या चांगूकडे का बघत होत्या ते आता समजलं, आणि मला माझी मनापासून लाज वाटली.

"परवा एक पारडू रात्रभर रानात राहिलं," ती पुढे म्हणाली. "सकाळी गावलं, मानेवर नखं होती. बिबट्याची. वाचलं ते नशीब. आता पावसात काय करू सांगा? धुक्यात समोरची म्हैस दिसत नाय. हाकेवरच आणायची. पावसाच्या आधी हाक परत लागली नाय तर म्हशी इकून टाकायच्या, असं ह्यांनी ठरवलंय."

घरी पोचल्यावर सार्थकने ते गाणं, लाखभर लोकांनी ऐकलेलं, एका बोटाने सगळीकडून काढून टाकलं. त्याबद्दल मी त्या पोराला कायम मानीन. पण त्याने काही साधलं नाही. गाणं लोकांच्या फोनमध्ये उतरलेलं होतं, आणि जे फोनमध्ये नव्हतं ते तोंडात होतं. चांगूने जीपमध्ये लावणं बंद केलं, तर मागे बसलेले लोक स्वतःच म्हणायला लागले.

त्यातच मे महिन्यात आंबेखोलचं बोलावणं आलं. गावाची वार्षिक पूजा, मुंबईचे सगळे चाकरमानी आलेले, आणि मुंबई मंडळाचे अध्यक्ष मालोजीभाऊ यांना 'सव्वासहाची' हवी होती. पूनम म्हणाली, "माझं गाव हाय, नाय कसं म्हणू? पण हाक म्हणायची नाय." मी मालोजीभाऊंना तसं सांगितलं. ते म्हणाले, "नो प्रॉब्लेम! बाकी एकदम टाइम टू टाइम हां. पाचला स्टार्ट म्हणजे पाचला स्टार्ट." पाच वाजता त्यांनी स्वतःच भाषण सुरू केलं आणि पावणेसहापर्यंत थांबले नाहीत.

मंडप देवळासमोरच्या मोकळ्या शेतात होता. समोर दीडशे-दोनशे खुर्च्या, नव्या साड्या, चकचकीत चष्मे, बाजूला महाप्रसादाची चूल. आणि मंडपाच्या वर, सरळ नजरेसमोर, तो डोंगराचा उतार. विठाबाईच्या म्हशी तिथे चरत होत्या. पूनमने त्या पाहिल्या आणि मी स्टेजवर ओढलेल्या खडूच्या रेघेपाशी जाऊन उभी राहिली.

चार गाणी छान झाली. मग लोक ओरडायला लागले, "ये गो! ये गो!" पूनमने मान हलवली. सार्थकने माईकवरून त्याच्या त्या मऊ आवाजात काहीतरी समजावलं, ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. आणि मग लोकांनी वाट बघणं सोडून दिलं. मधल्या रांगेतून एका मावशींनी सुरुवात केली, आणि बघता बघता अख्खा मंडप उभा राहिला. दोनशे माणसं, टाळ्या वाजवत, डोंगराकडे तोंड करून, "हीऽऽ यो होऽऽ, ये गोऽऽ, ये गोऽऽ, ये!" माझे माईक चालू होते, त्यामुळे ते चारही कर्ण्यांतून डोंगरावर आदळत होतं. एरवी मी आनंदाने उड्या मारल्या असत्या.

मी उताराकडे पाहिलं. एकाही म्हशीने मान वर केली नाही.

पूनमही तिकडेच बघत होती. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "दादा, सगळं बंद कर."

वीस वर्षांत मी चालू कार्यक्रम कधी बंद केला नव्हता. आमच्या धंद्यात त्याच्याएवढं पाप नाही. मी मेन बटण खाली पाडलं.

लोकांचं गाणं मधेच तुटलं. मालोजीभाऊ उठले. "अरे क्या हुआ? साऊंड गेला काय?" पूनम स्टेजवरून उतरली, महाप्रसादाच्या चुलीपाशी गेली, आचाऱ्याच्या सामानातली मिठाची पिशवी उचलली, आणि शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिली. मूठ भरून मीठ घेतलं. हाक मारली.

माईक नाही, कर्णे नाहीत, खडूची रेघ नाही. पहिल्यांदाच मी तिचा आवाज कुठेही न अडवता ऐकला. तो उतारावर गेला, वरच्या कड्याला लागला आणि परत आला. मंडपात कुणीतरी हसलं, दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं. म्हशी चरत होत्या. दुसरी हाक. काही नाही. तिसरी हाक मारताना तिचा आवाज किंचित फाटला.

चौथ्या हाकेला चांदणीने मान वर केली. चांदणी म्हणजे कळपाची म्होरकी, कपाळावर पांढरा ठिपका. तिने बघितलं, बराच वेळ बघितलं. मग एक पाऊल उतरली. मग दुसरं. थांबली. पूनमने मूठ पुढे केली. आणि चांदणी सरळ निघाली, आणि तिच्यामागे सगळा कळप निघाला.

पुढे जे झालं ते आंबेखोलमध्ये पुढची वीस वर्षं सांगतील. अकरा म्हशी बांध ओलांडून मंडपात घुसल्या. खुर्च्या उडाल्या. नव्या साड्या स्टेजवर चढल्या. एका म्हशीने प्रवेशद्वाराचं झेंडूचं तोरण खाल्लं, दुसरीने मालोजीभाऊंच्या भाषणाचे कागद खाल्ले, आणि ते पाहून मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. मालोजीभाऊ "अरे कंट्रोल! कंट्रोल!" करत स्टेजभोवती फिरत होते. सार्थक गिटार पोटाशी धरून खांबाला चिकटला होता, तरी एका म्हशीने त्याचा कान चाटलाच. आणि या सगळ्याच्या मधोमध पूनम, हसते आहे की रडते आहे कळत नव्हतं, एकेकीला नावाने हाक मारून हातावर मीठ चाटवत होती. "ये चांदणे. घे. ये मोरे. घे गो, घे." सार्थकने खांब सोडला, पिशवीत हात घातला आणि तोही द्यायला लागला. मग मीही उतरलो.

इतक्यात पायवाटेने विठाबाई धापा टाकत उतरली. लेकीची उघडी हाक तिने वर ऐकली होती आणि कळप खाली वळलेला पाहिला होता. मंडपाची दशा तिने पाहिली, माणसांकडे पाहिलंच नाही. सरळ पूनमसमोर गेली.

"समद्यांना दिलंस?"

"दिलं, आये."

"त्या मागच्या पारडाला?"

पूनमने वळून पाहिलं. मंडपाच्या कडेला ते नखं लागलेलं पारडू एकटंच उभं होतं. विठाबाईने लेकीच्या हातातलं मीठ आपल्या मुठीत घेतलं, पारडापाशी जाऊन बसली आणि त्याला चाटू दिलं.

मी मेन बटण वर केलं आणि तिला माईकपाशी बोलावलं. ती आली, माईककडे संशयाने पाहिलं, आणि आपोआप दोन हात मागे सरकली. बरोबर रेघेवर.

"गाणं म्हणा," ती म्हणाली. "गाण्याला माझी ना नाय. पन हाक मारलीत तर मीठ द्या. आमच्या जनावरांना खोटं पाडू नका."

टाळ्या पडल्या, पण मला खात्री नव्हती. एका दिवसाचं मीठ आणि चार महिन्यांच्या खोट्या हाका, तोल कसा जुळायचा? पण पुढच्या आठवड्यात चांगू भेटला, तर त्याच्या जीपमध्ये आरशाखाली मिठाची बरणी बांधलेली होती. "कुणी गाणं सुरू केलं की गाडी थांबवतो," तो म्हणाला. "पॅसेंजरच उतरून देतात. उशीर होतो, पण काय करणार." सार्थकने गाणं परत सोडलं. आता त्याच्या सुरुवातीला पूनमचा लॅबमधला आवाज आहे, "मूठभर मीठ घ्या, मगच लावा." मुंबईच्या चाकरमान्यांनी त्याचे व्हिडिओ काढले, मीठ देताना, म्हशीबरोबर, म्हैस पळून गेल्यावर रिकाम्या हाताने. पोलादपूरच्या बाजारात खडे मीठ दोन दिवस मिळत नव्हतं. आणि पूनमने स्वतःसाठी एक नेम केला. कुठेही गायची असो, म्हशींचा मागमूस नसलेल्या हॉलमध्ये का असेना, हाक म्हणताना तिच्या मुठीत मीठ असतं.

मे महिन्याची अखेर. पावसाला दिवस मोजके उरले होते, आणि रामजीबाबांकडे म्हशी बघायला दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती. आम्ही गोदामात सराव करत होतो, पण कुणाचं लक्ष नव्हतं. सव्वासहाला पाच कमी असताना पूनमचा फोन वाजला. रामजीबाबा. वरच्या माळावर रेंज फक्त त्या कातळावरच येते.

"ऐक," ते म्हणाले, आणि फोन हवेत धरल्यासारखा वारा ऐकू यायला लागला.

मी फोन मिक्सरला जोडला. गोदामातल्या दोन्ही स्पीकरमधून वारा आला. मग विठाबाईची हाक आली. एकच. मग काही नाही.

मी सवयीने मात्रा मोजायला लागलो. आठ. सोळा. बत्तीस. सार्थकने गिटारच्या तारांवर तळवा ठेवला होता. चौसष्ट. बाहेर डेपोत आंबेखोलची गाडी फलाटाला लागल्याची घोषणा झाली. पूनम हलली नाही.

मग दूरवर एक घंटा वाजली. गळ्यातली, लाकडी, ठक ठक ठक. मग दुसरी. मग किती ते मोजायचं मी सोडून दिलं, कारण माझे डोळे भरून आले होते.

बाहेर सव्वासहाची सुटली. आमच्या कंडक्टरने दोनदा हॉर्न मारायला लावला, मग गेला.

फोनवर विठाबाईचा आवाज आला. "ऐकलंस गो?"

"ऐकलं, आये."

"तुझ्या गाण्याला नाय हां आल्या. मिठाला आल्या."

पूनम हसली. अशी हसली की मिक्सरची सुई लाल रेघेपलीकडे जाऊन तिथेच राहिली आणि पत्र्यावरची कबुतरं परत उडाली. मी टेम्पोची चावी घ्यायला हात पुढे केला, कारण आता तिला मलाच सोडावं लागणार होतं, आणि तो हात उघडेना. मूठ आवळलेली होती. सार्थककडे पाहिलं, तर त्याचीही.